चांदणी पुन्हा खोगिराखाली येईपर्यंत: माथेरानच्या एका रोडावलेल्या घोडीचं प्रकरण

माथेरानात मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली की पुढचा रस्ता पायी, छोट्या रेल्वेच्या शटलने, अलीकडे ई-रिक्षाने, नाहीतर घोड्यावर. उन्हाळी सुट्टीचा हंगाम घोड्यांना सगळ्यात जड जातो. पाऊस लागला की बरेच अश्वपाल आपली जनावरं घेऊन खाली नेरळ-कर्जतच्या बाजूला उतरतात. चांदणी अशीच जूनच्या मध्यावर खाली आली तेव्हा तिच्या बरगड्या रस्त्यावरून मोजता येत होत्या.

वय दातांवरून अकराच्या आसपास, उंची सुमारे १३० सेंटिमीटर, अंगकाठी दख्खनी तट्टाची. मालकांना मी काका म्हणतो. त्यांचं नाव त्यांच्याच इच्छेवरून इथे दिलेलं नाही. घरात दोन जनावरं, चांदणी आणि एक मोठा घोडा, आणि दोघांच्या पाठीवर घर चालतं. काकांचं गाऱ्हाणं एकच होतं: "डॉक्टर, खाते तर भरपूर. पोट पण सुटलंय बघा. मग अंगाला का लागत नाही?"

प्रश्न अगदी नेमका होता. या घोडीच्या बाबतीत पुढे जे काही केलं ते या प्रश्नाचं उत्तर शोधण्यातूनच निघालं. म्हणून तपासणीत काय दिसलं ते जरा सविस्तर सांगतो.

घोडा किती खंगलाय हे नजरेने ठरवायला जाऊ नये. सुटलेलं पोट नजरेला फसवतं, वाढलेले केसही फसवतात. १९८३ साली टेक्सासमध्ये हेनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताने चाचपून गुण देण्याची १ ते ९ अशी पट्टी तयार केली. तीच आजही जगभर वापरतात. मान, खोगिराच्या पुढचा उंचवटा, फऱ्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा जागी बोटं फिरवायची आणि हाडावर किती मऊपणा लागतो ते पाहायचं. १ म्हणजे निव्वळ सापळा, ९ म्हणजे चरबीचा गोळा, कामाच्या घोड्याला ५ उत्तम. चांदणीला मी २ गुण दिले. कण्याच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले होते, पुठ्ठे आत गेले होते आणि मान वरच्या अंगाने पोकळ लागत होती. यातली मानेची आणि पुठ्ठ्याची खोली मला जास्त बोचली. चरबी संपल्यावर शरीर स्वतःचं मांस जाळायला लागतं, आणि ही घोडी त्या टप्प्याला पोचली होती.

मग वजन. खेड्यात घोड्याचा काटा मिळत नाही, पण शिंप्याची टेप मिळते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. घेर १३४, लांबी १३२. उत्तर आलं २०० किलो. या हाडापेराची घोडी २४० ते २५० किलोची असायला हवी. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा अंगावरून गेला होता. काकांना आकडा पटला नाही, म्हणून टेप त्यांच्या हातात दिली. त्यांनी स्वतः दोनदा मोजलं. पुढे दर रविवारी सकाळी चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या खुराकाच्या, आधी टेप लावणं हे त्यांचं काम झालं, आणि त्यांनी ते एकदाही चुकवलं नाही.

शांत उभी असताना नाडी मिनिटाला ५६ होती. आरामात असलेल्या घोड्याची ती २८ ते ४४ च्या दरम्यान असते. पापणीच्या आतला भाग फिकट होता. पाठीवर खोगिराच्या पुढच्या कडेने घासून झालेली, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी जखम होती. खूर वाढून पुढे आलेले, नाल झिजून पातळ झालेले. आणि ठाणाजवळ, जिथे ती बांधली होती तिथे, जमिनीवर चघळून टाकलेले गवताचे ओलसर गोळे पडले होते. तिथेच काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पडलेलं होतं.

घोड्याचे दात जन्मभर वर येत राहतात आणि चावताना झिजत राहतात. झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्यांना जिभेच्या बाजूने धार चढते. चांदणीच्या गालात आतून दोन्हीकडे व्रण होते. दुखतंय म्हणून ती घास पुरता चावत नव्हती, अर्धा गोळा टाकून देत होती, आणि जो गिळत होती तो नीट दळलेला नसायचा. लिदीत अख्खे हरभरे दिसत होते. तिचे दात कुणी कधी घासलेच नव्हते. आपल्याकडे नालबंद वेळच्या वेळी येतो, पण दातांकडे पाहण्याची पद्धतच नाही. या एका गोष्टीपायी किती घोडे खंगतात याचा विचार केला की मला फार वाईट वाटतं, कारण इलाज तासाभराचा आहे.

उरलेलं उत्तर खाण्यात होतं. चांदणीला भाताचा पेंढा पोटभर, वर गव्हाचा कोंडा गुळाच्या पाण्यात कालवून, आणि मूठभर भिजवलेले हरभरे. पेंढ्याने पोट भरतं, फुगतं, पण त्यात सत्त्व जवळजवळ नाही. काकांना दिसत होतं ते "सुटलेलं" पोट या पेंढ्याचं आणि जंतांचं होतं. कोंड्याबद्दल घोडेवाल्यांमध्ये फार विश्वास आहे, पण कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापट असतो. घोड्याला उलट कॅल्शियम जास्त लागतं, फॉस्फरसच्या दीड-दोनपट. महिनोन्‌महिने कोंड्यावर ठेवलेला घोडा हाडांतलं कॅल्शियम काढून रक्ताची गरज भागवतो. मग कधी या पायाने, कधी त्या पायाने लंगडतो, आणि जबडा सुजतो. हत्ती गवतासारख्या काही उष्ण प्रदेशी गवतांतलं ऑक्झलेट उरलंसुरलं कॅल्शियमही बांधून टाकतं. चांदणीचा जबडा सुदैवाने ठीक होता.

लिदीच्या तपासणीत जंतांची अंडी भरपूर निघाली. रक्ताचे नमुने सर्रा आणि ग्लँडर्ससाठी पाठवले. सर्रा हा माश्यांच्या चाव्यातून पसरणारा रोग आहे. त्यात घोडा खाऊनही खंगतो, मधूनमधून ताप येतो, पायांवर सूज चढते. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी पावसाळ्यात रोडावलेल्या घोड्याचा विचार करताना त्याला वगळून चालत नाही. ग्लँडर्स माणसालाही होतो, म्हणून तो अहवाल येईपर्यंत चांदणीला वेगळं ठेवलं आणि तिची बादली वेगळी केली. दोन्ही अहवाल निरंक आले. हिमोग्लोबिन मात्र बरंच खाली होतं.

पहिले दहा दिवस

उपाशी घोड्याला पहिल्याच दिवशी बादलीभर चंदी घालणारे लोक मायेनेच घालतात, आणि त्या मायेने घोडा मरू शकतो. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम पिठूळ खाणं गेलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींमध्ये खेचून नेतं. रक्तात त्यांचा तुटवडा पडला की हृदय आणि श्वास दोन्ही अडखळतात. हा धोका पहिल्या दहा दिवसांत सगळ्यात जास्त. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत उपाशी घोड्यांवर यासाठी मुद्दाम अभ्यास झाला. त्यात लसूणघास (अल्फाल्फा) सगळ्यात सुरक्षित ठरली. तिच्यात पीठ कमी, आणि प्रथिनं व मॅग्नेशियम भरपूर.

चांदणी अगदी निराहार नव्हती, पण २ गुणांच्या घोडीवर मी पैज लावत नाही. कोंडा आणि गूळ त्याच दिवशी बंद. घाटावरून येणारी लसूणघास बारीक कापून, दिवसरात्र मिळून सहा वेळा, थोडी थोडी. बाकी वेळेला स्वच्छ वाळलं गवत. पाण्याची बादली कायम भरलेली. काकांच्या घरच्यांनी पहाटेची आणि रात्रीची पाळी वाटून घेतली. चौथ्या दिवसापासून घासाचं माप वाढवत नेलं, आठवड्यानंतर वेळा कमी केल्या. दहा दिवसांनी ती पोटभर खाऊ लागली.

जंताचं औषध मी मुद्दाम लांबवलं. अशक्त घोडीच्या आतड्यात एकदम हजारो जंत मेले तर आतडं सुजतं आणि पोटशूळ उठतो. तिसऱ्या आठवड्यात आयव्हरमेक्टिन दिलं, किलोला ०.२ मिलिग्रॅम या हिशेबाने आणि टेपने काढलेल्या वजनावर. अंदाजपंचे नाही. मॉक्सिडेक्टिन नावाचं औषधही मिळतं, पण ते चरबीत साठून राहतं आणि हाडकुळ्या जनावराला त्याची बाधा होऊ शकते, म्हणून ते बाजूला ठेवलं. त्याच सुमारास हलकी गुंगी देऊन, तोंड उघडं ठेवणारा पिंजरा बसवून दाढांच्या धारा घासल्या. पुढच्या आठवड्यात जमिनीवरचे गोळे बंद झाले. नालबंदाने नाल काढून खूर छाटले, आणि पावसाभर पाय अनवाणी ठेवायचं ठरलं.

चौथ्या आठवड्यापासून चंदी सुरू झाली: भिजवलेले हरभरे, भरडलेलं जव, आणि मूठ-दोन मूठ सोयाबीनची पेंड. पेंड यासाठी की नुसत्या उष्मांकाने चरबी चढते. मांस बनायला लायसिन हे अमिनो आम्ल लागतं आणि ते सोयाबीनमध्ये चांगलं आहे. कच्चं सोयाबीन मात्र घोड्याला घालू नये. एका वेळेला अर्ध्या किलोपेक्षा जास्त धान्य नाही, त्यापेक्षा दिवसातून तीन वेळा थोडं बरं. मीठ रोज तीन-चार चमचे. तेल सगळ्यात शेवटी, चमच्याने सुरुवात करून वाढवत नेलं.

पाय हलवायची वेळ

इथे घोडेवाल्यांमध्ये दोन टोकं दिसतात. एक म्हणतो, अंग धरेपर्यंत खुंटाला बांधून ठेवा. दुसरा म्हणतो, फिरवल्याशिवाय भूक लागत नाही, काढा बाहेर. मी दोन्हींच्या मधे उभा राहतो, पण कललेला आहे चालवण्याकडे. बांधून घातलेल्या घोड्याच्या अंगावर जे चढतं ती चरबी. पाठीला आणि पुठ्ठ्याला मांस हवं असेल तर त्या मांसाला काम हवं, आणि काम इतकंच हवं की खाल्लेलं सगळं त्यात जळून जाऊ नये. जड कामाच्या घोड्याला आरामातल्या घोड्याच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते. चांदणीचा उन्हाळा याच वजाबाकीत गेला होता.

जुलैच्या अखेरीस घेर १३९ झाला. वजन २१५ च्या जवळ, गुण ३. पाठीवरची जखम कोरडी होऊन तिच्यावर पातळ कातडी आली होती. तेव्हा हातात दोरी धरून चालवायला सुरुवात केली: सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं, सपाट रस्त्यावर, पावसाची उघडीप बघून. पाठीवर काही नाही, घोंगडीही नाही. चालण्याआधी खरारा, म्हणजे सगळं अंग ब्रशने घासणं. खरारा करताना हात सगळ्या अंगावरून फिरतो, कुठे गरम आहे, कुठे दुखतंय ते कळतं. काकांना हे सांगावं लागलं नाही, त्यांचा हात त्यात मुरलेला होता.

सांगावी लागली ती नाडी. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवर, गालाच्या मांसल भागाच्या थोडं पुढे, बोटाखाली दोरीसारखी सरकणारी एक धमनी लागते. अंगठा वापरायचा नाही, कारण अंगठ्यात आपलीच नाडी लागते. दोन बोटं हलकी ठेवायची, मोबाईलवर पंधरा सेकंद लावायचे, मोजलेले ठोके चौपट करायचे. पहिल्या दिवशी काकांना धमनी सापडेना. ते बोटं जोरात दाबत होते, आणि दाबली की ती सटकते. मी त्यांची बोटं उचलून पुन्हा ठेवली आणि म्हटलं, "काका, दाबू नका, नुसती टेकवा." चांदणीने मान खाली घातली, त्यांनी श्वास रोखला आणि तोंडातल्या तोंडात मोजायला लागले. बारा. म्हणजे अठ्ठेचाळीस.

नियम आम्ही एवढाच केला: चालून आल्यावर दहा मिनिटांनी नाडी ६० च्या खाली आलीच पाहिजे. आली तर दर चार-पाच दिवसांनी पाच मिनिटं वाढवायची. नाही आली तर दुसऱ्या दिवशी अर्धंच चालवायचं. वेळापत्रक कागदावर सुंदर दिसतं, पण घोडीला त्याची खबर नसते. म्हणून आठवड्यांचं वेळापत्रक मी दिलंच नाही. जोडीला रोजच्या तीन खुणा: चंदी सगळी संपली का, लीद बांधलेली आहे का, चारही पायांच्या नसा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा, गार आहेत का.

ऑगस्टमध्ये घेर हलेना. घास तोच, चंदी तीच, चाल बेताची, दात आणि लीद दोन्ही ठीक. दोन रविवार टेप जागच्या जागी. तिसऱ्या वेळेला मी संध्याकाळच्या चंदीच्या वेळेलाच गेलो आणि गोठ्याच्या कोपऱ्यात बसून राहिलो. मोठा घोडा स्वतःचं पटापट संपवून कान मागे पाडत मान इकडे वळवायचा, आणि चांदणी मुकाट्याने मागे सरायची. तिच्या वाट्याची निम्मी लसूणघास तो खात होता. कळपात घोड्यांची उतरंड ठरलेली असते, आणि खंगलेलं जनावर तिच्या तळाला जातं. चांदणीला पलीकडच्या पडवीत हलवलं आणि चंदी तोबऱ्यात द्यायला लागलो, तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यात कुणाला तोंड घालता येत नाही. पुढच्याच रविवारी टेप पुढे सरकली.

पावसाळी हिरव्या गवताबद्दलही इथेच सांगतो. आजूबाजूला गुडघाभर गवत असताना घास विकत का आणायचा, असं काकांच्या मुलाने विचारलं. विचारणं रास्त होतं, पैसा त्यांचा जात होता. पण कोवळ्या पावसाळी गवतात पाच भागांतले चार भाग पाणी. घोडी दिवसभर चरली तरी पोटात सत्त्व थोडंच जातं. चरायला सोडली जरूर, पण ते जेवण म्हणून धरलं नाही. भिजून बुरशी धरलेला पेंढा मात्र पूर्ण वर्ज्य केला.

गणपतीनंतर चाल पाऊण तासाची झाली होती, झपझप. सप्टेंबर अखेरीस घेर १४२, म्हणजे २२४ किलो. आता ताकदीचं काम सुरू केलं. जमिनीवर पाच-सहा बांबू टाकून त्यांवरून पाय उचलत नेणं, दोरीच्या इशाऱ्यावर चार पावलं मागे सरकवणं, आणि हलक्या चढावर नागमोडी चालवणं. चढावर घोडा मागच्या पायांनी अंग ढकलतो, पाठ वर उचलतो आणि मान पुढे लांबवतो. पुठ्ठा आणि पाठ भरायला यासारखं दुसरं काम नाही. मान मोकळी ठेवायची, लगाम ओढून वर बांधायची नाही. मान वर बांधली की पाठ खाली पडते आणि सगळी मेहनत फुकट जाते. उतारावर मात्र हळू, कारण तिथे सगळा भार पुढच्या पायांवर येतो. काव्यावर, म्हणजे लांब दोरीने आपल्याभोवती गोलात, फिरवायचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण आपण एका जागी उभं राहून घोडा फिरतो. लहान गोलात सांध्यांना पीळ पडतो. मी मोठ्या वर्तुळात, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी मिनिटं, एवढंच करू दिलं.

दिवाळी

ऑक्टोबरात चांदणी बदलली. नाडी आरामात ४० वर आली, केस तुळतुळीत झाले, चालताना कान पुढे. दुडकी सुरू केली: एक मिनिट दुडकी, तीन मिनिटं चाल, असे चार फेरे. दहा मिनिटांत श्वास जागेवर यायचा. काकांच्या डोळ्यांत दिवाळीचा हंगाम दिसायला लागला. दिवाळीच्या सुट्टीत माथेरान भरतं, आणि दोन घोडे असलेल्या घराने एक खाली ठेवून वर जाणं म्हणजे काय, हे मला समजत होतं. ते म्हणाले, "डॉक्टर, आता तर पळतेय की. हलकी हलकी गिऱ्हाइकं घेतो."

त्याच आठवड्यात डाव्या पुढच्या पायाची मागची नस गरम लागली. सूज बोटाने चाचपल्यावर कळेल एवढीच, लंगडणं नाही. दुडकी डांबरी रस्त्यावर झाली होती.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. व्यायामाने शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. हृदय आणि फुफ्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, म्हणून घोडा दमत नाही आणि मालकाला वाटतं झाला तयार. मांसाला तीन ते सहा महिने लागतात. नसांना, म्हणजे कंडरांना, त्याहून जास्त, आणि हाडांना सगळ्यात जास्त. जो घोडा दमत नाही पण ज्याच्या नसा कच्च्या आहेत, तो सर्वांत धोक्यात असतो, कारण थकवा त्याला थांबवत नाही. तुटलेली नस वर्षभर घेते आणि पुन्हा पूर्वीसारखी क्वचितच होते.

काकांची बोटं मी दोन्ही पायांवर आलटून पालटून ठेवली. फरक त्यांना लगेच कळला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "किती दिवस?" दोन आठवडे दुडकी पूर्ण बंद, पायावर दिवसातून दोनदा गार पाणी, फक्त मऊ वाटेवर चाल. भातकापणी झालेली होती, शेतांतली जमीन मऊ होती, तिथूनच चालवलं. नस गार झाली. दुडकी पुन्हा सुरू झाली ती मातीवर, पहिल्यापासून. दिवाळीत मोठा घोडा एकटा वर गेला. त्या घराचं नुकसान झालं आणि ते त्यांनी सोसलं. या कहाणीत सगळ्यात अवघड काम चांदणीचं किंवा माझं नव्हतं.

खोगीर

नोव्हेंबर अखेरीस रिकामं खोगीर चढवलं. जुनं खोगीर आता बसत नव्हतं. ते आधीच्या, भरलेल्या पाठीवर दबून तयार झालेलं, आणि उन्हाळ्यात पाठ आत गेल्यावर त्यानेच ती जखम केली होती. अंग बदलत असताना खोगीर दर महिन्याला तपासावं लागतं: पुढच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं सहज जायला हवीत, कण्यावर मधल्या नळीतून उजेड दिसायला हवा, आणि खोगीर काढल्यावर घामाचा ठसा दोन्ही बाजूंना सारखा हवा. घामात मधेच कोरडा डाग दिसला तर तिथे दाब जास्त पडतोय. काकांनी भरणी उसवून नवीन करून घेतली आणि खाली जाड नमदा घातला. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम न आवळता तीन टप्प्यांत आवळायची सवय लावली.

मग भार. घोड्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत भार, खोगीर धरून, आरामात वाहावा असा साधारण संकेत आहे. डिसेंबरात घेर १४६ होता, वजन २३५ च्या पुढे. म्हणजे ४७ किलो, त्यात खोगीर सात-आठ किलोचं. उरले चाळीस. १९६५ च्या ओझेवाहू जनावरांच्या नियमांत तट्टासाठी ७० किलोची मर्यादा आहे, पण ती धडधाकट तट्टाची कमाल मर्यादा आहे, आजारातून उठलेल्या घोडीची नव्हे. शिवाय प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मधल्या कलम ११ प्रमाणे जखमी किंवा अशक्त जनावर कामाला लावणं हा गुन्हाच आहे. काकांच्या सडपातळ पुतण्याने पहिले तीन आठवडे तिला चालवलं, वीस मिनिटांपासून सुरुवात करून. मग नेरळच्या घाटरस्त्याने, आधी हातात धरून थोडा चढ, मग अर्धा, मग दस्तुरीपर्यंत. वर पोचल्यावर नाडी मोजून पुतण्याने मला फोन केला. दहा मिनिटांनी ५६.

नाल चढाच्या आदल्या आठवड्यात मारले. माथेरानच्या लाल मातीच्या वाटेवर अनवाणी खूर चालतो, पण जिथे पेव्हर ब्लॉक बसवलेत तिथे उतारावर घोडे घसरतात, आणि नव्या मांसाच्या घोडीला एक घसरण पुरते. नालबंदाने टाचेकडे खिळ्यांची डोकी थोडी उठून ठेवली. काकांनी तिला शक्यतो जुन्या मातीच्या वाटांनी न्यायचं ठरवलं, फेरा लांबचा पडला तरी.

नाताळच्या सुट्टीत चांदणीने फक्त लहान मुलं वाहिली. दिवसाला दोन फेऱ्या, मधे तासभर सावली, पाणी आणि तोबरा. गिऱ्हाईक मोठं असेल तर ते मोठ्या घोड्याकडे. एका जाडजूड गृहस्थाने दुप्पट पैसे देऊ केले तेव्हा काकांनी त्यांना नाही म्हटलं, हे मला त्यांच्या शेजाऱ्याने सांगितलं. जानेवारीत तीन फेऱ्या झाल्या. फेब्रुवारीत घेर १४८ भरला, म्हणजे २४३ किलो. गुण ५. कण्याच्या दोन्ही बाजूंचे खळगे बुजले होते आणि पुठ्ठ्यावर हात ठेवला की खाली घट्ट मांस लागत होतं. लिदीतली अंडी नगण्य. मानेची वरची कड अजून थोडी पातळ आहे. ती भरायला आणखी एक वर्ष लागेल असा माझा अंदाज आहे.

आताचं खाणं असं: लसूणघास आणि वाळलं गवत मिळून मुख्य पोट, दिवसाला तीन वेळा भिजवलेले हरभरे आणि जव, पेंड, मीठ, कामाच्या दिवसांत तेल. कोंडा नाही. वर माथेरानात लसूणघास महाग पडते, म्हणून काका आणि आणखी तीन अश्वपाल मिळून खालून एकत्र मागवतात. दाढा वर्षातून एकदा तपासायच्या, नाल सहा ते आठ आठवड्यांनी, जंताचं औषध लीद तपासूनच.

मे महिन्यात, हंगाम ऐन भरात असताना, घेर तीन सेंटिमीटरनी उतरला. गेल्या वर्षी असा उतार कुणी मोजलाच नव्हता. या वेळी काकांनी त्याच दिवशी फोन केला. आठवड्याची सुट्टी एकाची दोन केली, दुपारी बारा ते चार खोगीर उतरवायचं ठरलं आणि रात्रीचा एक तोबरा वाढवला. जूनमध्ये खाली उतरली तेव्हा टेप १४७ दाखवत होती.